दिवसभर राबतेच की, मग आणखी व्यायाम कशाला?

पत्र

मी सेलू तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ५४. तीन एकर कोरडवाहू आहे, कापूस आणि सोयाबीन घेतो. दोन वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं पाय आखडलेला असतो, मग चालता चालता मोकळा होतो. खाली बसलं की उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. परभणीला फोटो काढला. डॉक्टर म्हणाले झीज आहे, वजन कमी करा, व्यायाम करा. वजन ७१ किलो आहे, बीपीची गोळी चालू आहे. बाहेर कंपाउंडर म्हणाला, "मावशी, ग्रीस संपलंय, आता जपून वापरा." मुलाने मोबाइलवर व्यायाम दाखवले. दोन-तीन दिवस केले, मग उठताच येईना, म्हणून सोडून दिले. तसंही दिवसभर राबतेच की, मग आणखी व्यायाम कशाला? घरात जो तो म्हणतो बसून राहा. नवरात्रात तुळजापूरला जायचं मनात आहे, पायऱ्या झेपतील का? बाजारात एक जण पुड्या देतो, शेजारणीला एका दिवसात आराम पडला. घ्याव्या का? धाकटी जाऊ ३८ वर्षांची आहे. तिच्या दोन्ही हातांची बोटं दोन महिन्यांपासून सकाळी सुजतात. ती म्हणते, मलाही हेच व्यायाम विचार.

उत्तर

ताई,

जावेचं प्रकरण वेगळं आहे. ते शेवटी सविस्तर लिहिते, पण तोवर तिने तुमचे व्यायाम सुरू करू नयेत.

आता तुमचे गुडघे. कंपाउंडरचं बोलणं आधी डोक्यातून काढून टाका. मोटारीचा भाग वापरला की झिजतो आणि कोपऱ्यात ठेवला तर तसाच राहतो, म्हणून तो जपून वापरायचा. गुडघ्याचं उलट आहे. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा जो गुळगुळीत थर असतो, त्यात रक्तवाहिन्याच नसतात. सांध्यात जो पातळ द्रव असतो त्यातूनच त्याला पोषण मिळतं. पाय टेकला, भार पडला, पाय उचलला, भार निघाला, असं होत राहिलं की तो द्रव कूर्चेत आत-बाहेर होतो. नुसता बसवून ठेवलेला गुडघा उपाशी राहतो. त्यात मांडीच्या पुढचा मोठा स्नायू, जो पाऊल टाकताना बसणारा धक्का झेलतो, तो न वापरल्याने बारीक होतो. मग धक्का सरळ सांध्यावर येतो, दुखणं वाढतं, दुखतं म्हणून माणूस आणखी बसतो. घरच्यांचा सल्ला मायेचा आहे, पण तो मानलात तर दोन वर्षांनी न्हाणीपर्यंत जायलाही कुणाचा तरी हात धरावा लागेल.

फोटोचंही फार मनाला लावून घेऊ नका. फोटोत भरपूर झीज आणि दुखणं नावाला, अशी माणसं असतात, उलटही असतात. फोटो हाडं दाखवतो. स्नायूंत किती ताकद आहे ते त्यात दिसत नाही, आणि ती ताकद चोपन्नाव्या वर्षीच काय, सत्तराव्या वर्षीही वाढवता येते. ब्रिटनमधली 'नाइस' ही सरकारी संस्था डॉक्टरांसाठी उपचारांची मार्गदर्शिका काढते. तिने २०२२ साली झिजेच्या संधिवाताबद्दल लिहिताना व्यायाम हा मुख्य उपचारांत धरला आहे, गोळी त्याच्या जोडीला. सुरुवातीला दुखणं थोडं वाढू शकतं हे रुग्णाला आधीच सांगा, असंही त्यात म्हटलंय. तुम्हाला ते कुणी सांगितलं नाही, तिथेच घोटाळा झाला.

तुमचा खरा प्रश्न मात्र "दिवसभर राबतेच की" हा आहे. हा प्रश्न मला जालन्यापासून नांदेडपर्यंतच्या बायका विचारतात, आणि तो विचारताना त्यांच्या आवाजात थोडा राग असतो. तो रास्तच आहे. पहाटे उठून सडा, पाणी, भाकरी, मग शेत, परत आल्यावर पुन्हा चूल. अशा बाईला कुणी टापटीप कपड्यातला माणूस म्हणाला, "तुम्ही व्यायाम करत नाही ना?", तर तिने त्याला खुरपंच दाखवावं.

तरीही राबणं आणि व्यायाम या दोन गोष्टी वेगळ्या. तुमच्या कामांकडे गुडघ्याच्या बाजूने बघा. खुरपणाला उकिडवं बसून सरकत सरकत तासन् तास. भाकरी खाली बसून. भांडी, कपडे खाली बसून. संडासला उकिडवं. गुडघा पूर्ण दुमडलेला असताना वाटीच्या मागे खूप दाब पडतो, आणि तुमचा निम्मा दिवस त्याच अवस्थेत जातो. कापूस वेचताना उभ्या असता, पण कमरेत वाकून आणि पोटावर ओटीचं ओझं घेऊन. या सगळ्या कामांत मांडीचा पुढचा स्नायू पाय पूर्ण सरळ करून ताकदीने आवळायची वेळ कितीदा येते? जवळजवळ कधीच नाही. खुब्याच्या बाजूचा स्नायू, जो चालताना कंबर सावरतो, त्यालाही पुरेसं काम मिळत नाही. तेच ते स्नायू थकतात, तेच ते सांधे दाबले जातात, आणि ज्यांनी गुडघा सांभाळायचा ते रिकामे बसतात. व्यायाम या रिकाम्या बसलेल्यांसाठी आहे. त्याला दिवसातली वीस मिनिटं पुरतात. काम मात्र तो कमी करत नाही, हे मान्य.

मुलाने दाखवलेल्या व्यायामांत बहुतेक उठाबशा असतील, आणि तुम्ही पहिल्याच दिवशी मोबाइलमधल्या पोरीइतक्या काढल्या असतील. चूक व्यायामाची नव्हती, मापाची होती. माप असं ठरवा: अगदी सहन न होणारं दुखणं म्हणजे सोळा आणे. व्यायाम करताना पाच-सहा आण्यांपर्यंत दुखलं तर चालेल, करत राहा. आठ आण्यांच्या वर गेलं की थांबा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. गुडघा रोजच्यासारखाच असेल तर माप बरोबर. रोजच्यापेक्षा जास्त ठणकत किंवा सुजलेला असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं. एक दिवस सोडा, मग निम्मं करा. पूर्ण बंद करू नका, निम्मं करा. एवढं एक पाळलंत तरी व्यायाम सुटणार नाही.

सुरुवात अंथरुणातच करा, उठायच्या आधी. घरात दहा माणसं, त्यांच्यासमोर आडवं पडून पाय वर करायची लाज वाटते, हे मला माहीत आहे. पहाटे अंधारात कोण बघतंय. उताणं पडून टाच अंथरुणावरून घासत आपल्याकडे आणा आणि परत सरळ करा, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. सकाळचा आखडलेपणा यानेच बराच जातो. मग टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा, गुडघ्याने ती खाली दाबा, पाच आकडे मोजेपर्यंत धरा, सोडा. मांडीवर हात ठेवलात तर स्नायू दगडासारखा झालेला हाताला लागला पाहिजे. नाही लागला तर नुसतीच टाच दाबताय. दहा वेळा. त्यानंतर एक गुडघा दुमडून ठेवा, दुसरा पाय सरळ ठेवूनच वीतभर उचला, पाच मोजा, सावकाश खाली ठेवा. धपकन सोडू नका, खाली आणतानाही स्नायूला काम पडतं. श्वास कोंडून धरू नका; बीपी आहे तुम्हाला, म्हणून आकडे तोंडाने मोजा, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. मग कुशीवर वळून वरचा पाय सरळ ठेवून बाजूने उचला, हा खुब्यासाठी. पहिल्या आठवड्यात प्रत्येकी पाच-सहा झाले तरी खूप.

पण एकच व्यायाम करायला वेळ असेल तर खुर्चीवरून उठायचा करा. प्लॅस्टिकची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे सरकणार नाही. बैठक खोल वाटत असेल तर वर गोधडीची घडी टाका. जितकी उंच बैठक तितकं सोपं. खुर्चीच्या पुढच्या कडेला बसा, दोन पावलांत खांद्यांइतकं अंतर, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे. छाती पुढे झुकवा, उठा. पाय पूर्ण सरळ करून क्षणभर उभ्या राहा. मग बसा, आणि बसताना तीन मोजत बसा. गुडघे आत एकमेकांकडे वळायला लागले तर बाहेर ठेवा. सुरुवातीला हात खुर्चीला टेकवले तरी हरकत नाही. पाच वेळा करा, दम घ्या, पुन्हा पाच. एक दिवसाआड. सोपं वाटू लागलं की हात सोडा, मग गोधडीची घडी काढा. खाली बसून उठणं, एसटीत चढणं, बाजेवरून उठणं, सगळ्यांत हीच हालचाल आहे. म्हणून मी हिच्यावर एवढी अडून बसते.

भाकरीचं पीठ मळून झालं की उठून भिंतीला हात टेकून टाचा उचलायच्या, दहा-पंधरा वेळा. पोटऱ्यांना पुरे.

चालण्याबद्दल. एका दमात तासभर नको. दहा मिनिटं सकाळी, दहा संध्याकाळी. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग ठेवा. दोन आठवड्यांनी दोन-दोन मिनिटं वाढवा. आता पावसाळ्यात शेतातल्या वाटेने नको. काळी माती चपलेला किलो-किलो चिकटते, पाय घसरतो आणि गुडघा पिळवटतो. शाळेचं मैदान, देवळासमोरची फरशी, नाहीतर घरची गच्ची बरी. उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आत उरका, आपल्याकडच्या बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत कुणी मर्दुमकी दाखवू नये. पायातली झिजलेली रबरी स्लीपर फेका. मागून पट्टा असलेली, मऊ तळाची चप्पल घ्या, किंवा सरळ बूट. साडीखाली बूट बघून चार बायका हसतील. हसू द्या, त्यातल्या दोघी पुढच्या वर्षी तोच बूट कुठे मिळाला विचारतील.

उजवा गुडघा फार दुखेल त्या दिवशी काठी घ्या, पण डाव्या हातात. सगळे दुखऱ्या बाजूलाच धरतात. उजवा पाय आणि डाव्या हातातली काठी एकदम पुढे पडली की उजव्या गुडघ्यावरचा भार हलका होतो. उभं राहून हात खाली सोडल्यावर मनगटापर्यंत येईल एवढी तिची उंची असावी.

आता कामं. तुम्ही खुरपण सोडा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी तुम्ही ऐकणार नाही. पण बसायला वीतभर उंचीचा छोटा स्टूल शेतात नेला तर गुडघा पूर्ण दुमडत नाही. दर अर्ध्या तासाने उठून चार पावलं टाका. गॅस खाली असेल तर तो टेबलावर चढवा. ही एक गोष्ट मुलाने एका दुपारी करून दिली तर रोजच्या कितीतरी उठाबशा वाचतील. संडासच्या भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची शहरातल्या सर्जिकलच्या दुकानात मिळते, ती घ्या आणि तिची लाज धरू नका. भरलेल्या हंड्याऐवजी दोन हातांत दोन अर्ध्या कळश्या.

तुळजापूर. जा, अवश्य जा. आज आषाढ चालू आहे, नवरात्र आश्विनात, म्हणजे हाताशी जवळजवळ तीन महिने आहेत. स्नायूंत फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि बारा आठवड्यांत चांगलं बळ येतं, म्हणजे वेळ नेमका पुरेल, पण आजपासून लागलात तर. तिथली अडचण चढण्यापेक्षा उतरण्याची आहे. देऊळ खोलगट भागात आहे, महाद्वारातून पायऱ्या उतरून आत जावं लागतं, आणि गुडघ्याला उतार जास्त सोसावा लागतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवा मगच पुढची. कठडा सोडू नका. भाद्रपदापासून घराच्या दोन-तीन पायऱ्यांवर याचा सराव सुरू करा. एसटीचं अर्धं तिकीट आहे, पण तिची पहिली पायरी काही अर्धी नाही. तिथे दांडी धरून चांगला पाय आधी. सेलूहून प्रवास लांबचा आहे, सीटवर बसल्या बसल्या दर थोड्या वेळाने पाय सरळ ताणत राहा, स्टँडवर गाडी थांबली की उतरून फिरा. अष्टमीची गर्दी टाळता आली तर टाळा, रांगेत फरशीवर तासन् तास ताटकळणं पायऱ्यांपेक्षा वाईट.

वजनाचं गणित ऐका. अंगावरचा एक किलो उतरला की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. ७१ चे ६६ झाले तर पावलागणिक वीस किलो. त्यासाठी उपाशी राहू नका. स्नायू बनायला डाळ लागते. भाकरी एक कमी, वरण एक वाटी जास्त, जमत असेल तर अंडं. साखरेचा चहा दिवसातून किती वेळा होतो ते तुमचं तुम्ही मोजा. आणि नवरात्राच्या उपवासात नऊ दिवस शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी खाऊन वजन उतरत नसतं, हे देवीलाही माहीत आहे.

पुड्या घेऊ नका. एका दिवसात आराम पडतो त्या पुडीत बऱ्याचदा स्टेरॉइड दळून घातलेलं असतं. आराम खराच पडतो, म्हणून तर माणूस फसतो. मग साखर वाढते, बीपी वाढतं, तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात. शेजारीण त्या बरेच दिवस घेत असेल तर तिला एकदम बंदही करू देऊ नका, शरीराला त्याची सवय लागलेली असते; पुडी घेऊन डॉक्टरांकडे जायला सांगा. दुकानातून मनाने आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांचंही तसंच. बीपीच्या माणसाने, तेही उन्हात घाम गाळून पाणी कमी पिणाऱ्याने, डायक्लोफेनॅकसारखी गोळी रोज घेतली तर किडनीवर बेतू शकतं. गोळीची गरज वाटली तर बीपीची गोळी दाखवून डॉक्टरांनाच विचारा. गुडघ्याला चोळायचं जेल त्या मानाने सुरक्षित. सकाळी आखडला असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने शेका.

गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला, सोबत ताप आला, पाय टेकवेनासाच झाला, किंवा पोटरी सुजून दुखायला लागली, तर व्यायाम बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. एरवी महिनाभर करूनही काहीच फरक वाटला नाही, तर परभणीला जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीसाठी दाखवा. तुम्ही व्यायाम करताना कुणी समोर उभं राहून एकदा बघितलं तर निम्म्या चुका तिथेच सुटतात.

आता जाऊबाई. तुमचा गुडघा दहा-पंधरा मिनिटांत मोकळा होतो. तिची बोटं किती वेळाने मोकळी होतात ते विचारा. तासभर किंवा जास्त लागत असेल, दोन्ही हातांची बोटांची पेरं आणि मनगटं सारखीच सुजत असतील, अंगात कसकस आणि थकवा असेल, तर हा झिजेचा आजार नसून सूज आणणारा संधिवात असू शकतो, ज्याला बरेच जण आमवात म्हणतात. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. ३८ व्या वर्षी, दोन महिने, दोन्ही हात, हे ऐकूनच मला थांबवत नाही. सोयाबीनची काढणी होऊ दे मग बघू, असं म्हणू नका. या आजारात सुरुवातीच्या महिन्यांत औषध मिळालं तर बोटं वाकडी होण्यापासून बऱ्याच अंशी वाचवता येतात, नंतर वाकडी झालेली औषधाने सरळ होत नाहीत. फिजिशियनकडे न्या, शक्य असेल तर संधिवाताच्या तज्ज्ञाकडे. रक्ताच्या तपासण्या होतील, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर असं काही लिहून देतील. आजार निघाला तर बहुधा मेथोट्रेक्सेट नावाची गोळी सुरू होईल. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ठरलेल्या वारी. रोजची समजून घेतली तर जिवावर बेततं, म्हणून घरात पाकिटावर मोठ्या अक्षरात वार लिहून ठेवा. व्यायाम तिलाही लागतील, पण सूज औषधाने आटोक्यात आल्यावर, आणि ते हातांचे वेगळे असतात. तोवर सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हलकेच उघडमीट करायला हरकत नाही. कपडे पिळायचं काम तिच्याकडून काढून घ्या आणि या आठवड्यातच तिला दवाखान्यात न्या.